पाठ कुणाची दुखते

४ सप्टेंबर, सोमवार

आणि वर म्हणते, "तुला काय कळणार पाठदुखी!"

मला! दिवसभर लोकांची कपाटं आणि फ्रीज घेऊन जिने चढणाऱ्या माणसाला! दुसऱ्यांची बिऱ्हाडं हलवून माझ्या पाठीचा पार भुगा झालाय. आणि ही घरात बसून— बरं, बसून नाही. बाबांचं सगळं तीच करते. पण घरातच ना? छपराखाली ना? जिना आहे का तिथं एक तरी?

भांडण तेच, जुनंच. गावच्या बाजारात कुणी हाडवैद्य येऊन बसलाय म्हणे. पालथं झोपवतो, पाठीवर हात ठेवतो आणि कट्ट! "रडत गेलेला माणूस हसत बाहेर येतो," ताई म्हणाली. "चार पैसे जास्तीचे पाठव या महिन्यात."

मी म्हणालो, "तुझी पाठ म्हणजे काकडी आहे का कट्ट मोडायला? असल्या भोंदूंच्या घशात घालायला मी घाम गाळत नाही."

फोनवर बोलताना ती घरभर चालते, एका जागी उभी राहत नाही. (याबाबतीत आम्ही सख्खे.) फरशीवर तिच्या चपलेचा आवाज येत होता. एक पाऊल साधं पडायचं, दुसरं फट्! साधं, फट्! रागावली की पाय आपटायची लहानपणापासूनची खोड. आता फोनवरून ऐकवते. मुद्दाम!

मग म्हणाली ते वाक्य. मी फोन ठेवून दिला.

६ सप्टेंबर, बुधवार

आज मोजे खोलीतल्या लंबूनं घातले. माझे. माझ्या पायात. यावर जास्त लिहीत नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

लिहितोच. पडून राहायला सांगितलंय आणि पडून राहणं मला जमत नाही. बाबा म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. आता पायाची भिंगरी आणि पाठीचं लाकूड, बसा गंमत बघत.

झालं काय, की मंगळवारी एका म्हाताऱ्या जोडप्याचं सामान होतं. चौथा मजला, लिफ्ट बंद. कपाट शिसवी, नाहीतर तसलंच काहीतरी, मेलं गच्च. जिन्यात वरच्या बाजूला लंबू, खालच्या बाजूला मी. आमची जोडी अशीच. मुकादमानं मी नवा होतो तेव्हाच सांगितलेलं, "जिन्यात वरचा वाट दाखवतो, खालचा ओझं घेतो. उंच गडी खाली पाहिजे, म्हणजे त्याला वाकावं लागत नाही." लंबू माझ्यापेक्षा हातभर उंच. पण मी ऐकतोय का! खालची बाजू म्हणजे मर्दाची बाजू. वरून नुसतं "डावीकडे घे, सांभाळून" करणाऱ्याला मी काय किंमत देतो? तर मीच खाली. वर्षभर मीच खाली.

तिसऱ्या वळणावर कमरेत काहीतरी सटकलं. आवाज नाही काही नाही. फक्त खाली बसलो आणि कपाट माझ्या मांडीवर आलं. म्हातारी वरून म्हणाली, "आरसा फुटला नाही ना?"

नाही फुटला, आजी.

मुकादमानं शिव्या घातल्या आणि बरं वाटेपर्यंत बशा-कप कागदात गुंडाळायच्या कामाला लावतो म्हणाला. जिने बंद.

एक गोष्ट मनात आली. ताईनंतर लंबूनंच मला मोजे घातले. आई गेली तेव्हा मी पहिलीत. शाळेत जाताना ताई पायाशी बसायची, मोजे चढवायची, म्हणायची, "पाय ढिला सोड रे, खांबासारखा काय धरतोस." लंबूही तेच म्हणाला.

९ सप्टेंबर, शनिवार

गेलो. इथल्याच एका हाडं बसवणाऱ्याकडे, लंबूच घेऊन गेला. त्याची मान तिथंच सुटते म्हणे.

भोंदू नाही! भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेटं आहेत. पांढरा कोट आहे. काउंटरवर बाई आहे, ती नाव लिहून घेते. पण आत नेऊन करतात काय? पालथं झोपवतात, पाठीवर हात ठेवतात आणि कट्ट!

मी त्याचं नाव कटकट्या ठेवलंय. लंबूला आवडलं नाही.

त्याच्या टेबलाला तोंड घालायला भोक आहे. त्यातून फक्त जमीन दिसते आणि त्याचे बूट. डाव्या बुटाची टाच जास्त झिजलेली. हात गरम, मऊ. सगळी पाठ चाचपली, कुणाची चोरी शोधत असल्यासारखी. मग कुशीवर वळवलं, एक गुडघा वर घेतला, म्हणाला, "श्वास सोडा." मी सोडला आणि त्यानं वजन टाकलं. भुईमुगाच्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज आला. माझ्या आतून!

मी किंचाळलोच. दुखलं म्हणून नाही, आवाजानं.

"बसलं," तो म्हणाला.

आणि खरंच, उठलो तर सरळ उठलो. बाहेर आलो, वाकून बुटाची नाडी बांधली. लंबू बघत राहिला. "काय म्हणालो होतो?"

ताईला सांगायचं नाही. काकडी म्हणालोय तिला. आता स्वतःच काकडी होऊन आलो म्हणून सांगू? त्यापेक्षा ठरवलंय: आधी माझ्या पाठीवर करून बघतो. खरं निघालं तर तिला पाठवतो. खोटं निघालं तर मी बरोबर होतो.

११ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा लाकूड. कट्ट दोन दिवस टिकलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

दुसऱ्यांदा गेलो. आज त्यानं माझे दोन पाय जुळवले आणि दाखवलं, एक आखूड आहे. चोवीस वर्षं मी दोन सारख्या पायांवर चालत होतो, आज कळलं की नव्हतो! मणका जागेवरून सरकलाय म्हणाला. एक कार्ड दिलं, त्यावर चोवीस चौकोन. प्रत्येक वेळी एक भोक पाडणार. चोवीस वर्षांना चोवीस भोकं.

बशा गुंडाळताना मुकादमाला विचारलं, काय वाटतं, खरं असेल का हे?

"कुणाला विचारलंस?"

"त्यालाच. तो म्हणतो खरं."

"वा! म्हशीला विचार, पेंड कशी लागते."

"मग तुमची पाठ दुखली की काय करता?"

"घरी जातो. बायको गरम पाण्याची पिशवी देते आणि वर दोन शब्द सुनावते. दोन्हीनं शेकतं."

१७ सप्टेंबर, रविवार

आज सुट्टी, तरी गेलो. आत नाही, नुसता बाहेरच्या बाकावर बसलो. रविवारी अर्धा दिवस उघडं असतं. म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच विचारू. खरं-खोटं आपोआप कळेल.

एका बाईची मान दोनदा येऊन सुटली, आता येणार नाही म्हणाली. एका पोरगेल्या शिक्षकाला काहीच फरक नाही, पण तो कार्ड संपवणार, कारण पैसे आधीच भरलेत. एक रिटायर बस ड्रायव्हर भेटला. खुशीत होता.

"किती दिवस येताय?"

"नऊ वर्षं."

"नऊ वर्षं! म्हणजे बरं नाही वाटलं?"

"बरं वाटतं म्हणून तर येतो."

घरी येताना बोलायचं सुचत गेलं, पण तो तोवर आत गेलेला.

खरं तर तो म्हणाला त्यात एक गोष्ट होती. "इथं कुणीतरी माझ्या पाठीला हात लावतं. बायको गेल्यापासून कोण लावतंय?" हे तो हसत म्हणाला. मीही हसलो. आता लिहिताना हसू येत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

तिसरी खेप. आणि आता मानलं बुवा! दोन मजले चढलो, कठड्याला हात न लावता. मोजे स्वतः घातले.

आल्या आल्या ताईला फोन लावला. "जा तू त्या हाडवैद्याकडे. पैसे पाठवतो महिनाअखेर."

"सूर्य कुठून उगवला आज?"

"जा म्हणतोय ना."

"आणि काकडीचं काय झालं?"

मग सांगावं लागलं सगळं. टेबलाचं भोक, शेंगांचा आवाज, आखूड पाय. इतकी हसली, इतकी हसली, की मागून बाबांचा आवाज आला, काय झालं म्हणून. बाबांची जीभ जड आहे, अर्धं अंग गेल्यापासून. बाहेरच्याला कळत नाही ते काय म्हणतात. ताईला कळतं. "बाबा म्हणतायत, त्याचा एक पाय आखूड नाही, दोन्ही लांब आहेत. म्हणून घरात मावत नव्हता."

बरं वाटलं. किती दिवसांनी हसून बोललो. ती तशीच चालत होती घरभर. साधं, फट्! साधं, फट्! खुशीत असली तरी पाय आपटतेच. खोडच ती.

३० सप्टेंबर, शनिवार

महिन्याची शेवटची तारीख. घरी पाठवले: वीस हजार. त्यातले चार ताईच्या पाठीचे.

४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी वाकलो आणि पुन्हा तेच. इतकं नाही, पण आहे. रागच आला. मधल्या दोन खेपा धरून कार्डावर पाच भोकं पडली! गेलो तसाच. दार अर्धवट उघडं होतं. आत कटकट्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा, स्वतःची कंबर स्वतःच्या मुठीनं दाबत होता. डोळे मिटलेले.

मला बघून ओशाळला. मीही ओशाळलो. मग दोघं बसलो.

मी विचारलं, "खरं सांगा. हाड बसतं का?"

उठून त्यानं दार लोटलं. मग म्हणाला, "हाड कुठं जात नाही, तर बसणार कुठं."

"मग बसलं, बसलं म्हणता ते?"

"माणसाला काहीतरी ऐकायचं असतं. जखडलेलं जरा हलतं, एवढं खरं. एकदा हललं की माणसाची भीती जाते. भीती गेली की तो स्वतःच हलायला लागतो. पुढचं काम त्याचं तोच करतो."

"आणि आखूड पाय?"

"तो सगळ्यांचाच असतो थोडाफार."

चिडायला हवं होतं. चिडलो नाही. तो त्याचा हात उलटा करून मनगट चोळत होता. दिवसाला किती पाठी उचलतो कोण जाणे. म्हणालो, "तुमची पाठ कोण मोकळी करतं?"

"कुणी नाही," म्हणाला. "मला भीती वाटते."

दोघंही हसलो.

पण मग मला बरं कशानं वाटलं? कट्टनं? की महिनाभर कपाट उचललं नाही म्हणून? की लंबूनं आपण होऊन खालचा पलंग मला दिला, वरच्या पलंगावर चढायचं बंद झालं, त्यानं? सगळं एकदमच झालं ना! आता कुणाला श्रेय द्यायचं?

९ ऑक्टोबर, सोमवार

पहिल्यापासून नीट लिहितो.

जिन्याच्या कामावर परत घ्यायचं तर डॉक्टरचा कागद लागतो. कंपनीनं एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. चष्मा नाकावर, बोलणं तुटक. झोपवून पाय उचलला. टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. पायाचा अंगठा वर करा म्हणाल्या आणि बोटानं दाबून बघितला.

मी कटकट्याचं विचारून घेतलं. म्हटलं, शिकलेल्या माणसाकडून एकदा कळू दे.

"आवाज हाडाचा नसतो," त्या म्हणाल्या. "सांध्यात बुडबुडा होतो. बोटं मोडता ना, तेच."

"मग बरं वाटतं ते खोटं?"

"खोटं कशाला? नुसती कंबर दुखत असेल तर काही जणांना फरक पडतो, थोडे दिवस. चालण्यानं, व्यायामानंही साधारण तेवढाच पडतो. आणि पुष्कळांची पाठ काही न करताही महिन्या-दीड महिन्यात सुधारते."

"म्हणजे पैसे वाया."

"मोजे घालता येतात?"

"येतात."

"मग रडू नका. पण चोवीस वेळा जायची गरज नाही. आणि मान पिळू देऊ नका कुणाला." मग कागद ओढून प्रश्न विचारायला लागल्या. पायाला मुंग्या? नाही. लघवीला त्रास? नाही. "चालताना एक पाऊल फटकन आपटतं का? चपलेचा आवाज येतो?"

मी हसलो. म्हणालो, "छे, तशी तर आमची ताई चाल—"

आणि थांबलो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई काय?"

सांगितलं. रागावते म्हणून आपटते. नाही, हसत असली तरी आपटते. एकच पाय. हो, पाठ दुखते. कधीपासून माहीत नाही. मी विचारलंच नाही.

"लहानपणी रागावून आपटायची ते एक पाय की दोन्ही?"

दोन्ही. धाड धाड दोन्ही! हे मला कसं सुचलं नाही?

"काय उचलते ती?"

"बाबांना."

"वजन?"

मला किलो सुचेनात. तोंडातून निघालं, "दोन दारांचा फ्रीज."

बाई हसल्या नाहीत. "फ्रीज तुम्ही किती जण उचलता?"

"दोघं. पट्टा लावून."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

बाबा धिप्पाड. आयुष्यभर गॅरेजात ट्रकची चाकं बदलली. आणि फ्रीज निदान गुमान येतो. बाबा लाजतात, अंग चोरतात, मधेच खाली बसतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून पलंगावर. ताई माझ्याहून वीतभर बुटकी.

बाईंनी सांगितलं ते असं: पाऊल उचलणारी शीर मणक्यात चेपलेली असू शकते. फोनवरून सांगता येणार नाही. पण तपासल्याशिवाय तिच्या पाठीला कुणालाही हात लावू देऊ नका. पिळायचं तर अजिबात नाही. या आठवड्यात दवाखाना. आणि लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

आणि मी तिला काय सांगून बसलोय? जा म्हणून. पैसे पाठवतो म्हणून!

बाहेर येऊन फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. उचलत नाही.

त्याच दिवशी

नाही उचलत.

१० ऑक्टोबर, मंगळवार

उचलला. फोन काल बाबांच्या अंथरुणात हरवला होता म्हणे.

मी ओरडलोच. "गेलीस का? त्या हाडवैद्याकडे गेलीस का?"

"अरे हो हो, श्वास घे! ओरडू नको. सांगते."

"गेलीस?"

"नाही गेले. रागावू नको हं. त्या पैशात बाबांसाठी हवेची गादी घेतली. पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या त्यांच्या. माझं काय, पुढच्या महिन्यात जाईन की."

मी भिंतीला टेकलो आणि तिथंच खाली बसलो. लंबूला वाटलं माझी पाठ गेली.

एरवी मी हिला फाडून खाल्लं असतं. पाठवलं एकासाठी, खर्च केलं दुसऱ्यासाठी! हेच करते नेहमी. आज म्हणालो, "बरं केलंस. लई बरं केलंस. आता एक कर. व्हिडिओ लाव आणि टाचांवर चालून दाखव."

"खुळा झालास का?"

"चाल ना ताई."

फोन तिनं खुर्चीवर उभा केला. पडद्यावर तिचे नुसते पाय दिसत होते. साडी वर धरली आणि चालली. आधी हसत होती. "हे बघ, सर्कस! बाबा, बघा हो—"

मग हसायची थांबली.

उजवा चवडा वर. डावा जमिनीला चिकटलेला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"डावा उचलत नाही रे," ती म्हणाली. आणि मग, "म्हणून ती चप्पल. परवा नळावर गेले, परत आले तर एक चप्पल पायात नाही. वाटेत पडलेली. मला कळलंच नाही. म्हटलं, वय झालं."

तीस वर्षांची आहे ताई.

सगळं सांगितलं डॉक्टरीणबाईंचं. ऐकून घेतलं. मग विचारलं तिनं, अगदी शांतपणे, "आणि मग बाबांना कोण उचलणार?"

मी म्हणालो, बघू. काहीतरी बघू.

"बघ," म्हणाली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सरकारी दवाखान्यात गेली. आतला फोटो काढला. गादी सरकून शिरेवर बसलीय. (मला आधी कळेना, कुठली गादी? हवेची? मणक्यामधली म्हणे.) ऑपरेशन सांगितलंय, लांबवू नका म्हणाले. पाऊल परत उचलेल का? "बहुतेक," म्हणाले. उशीर केला तर तेही नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. त्यानंतर कितीतरी महिने वजन उचलायचं नाही. कळशीसुद्धा नाही.

मी म्हणालो, "पैशाची काळजी करू नको."

"पैसे फारसे लागत नाहीत रे तिथं. नर्स विचारत होती, सोबत कोण आहे?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, भाऊ आहे. लांब असतो."

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांसाठी बाई लावली होती. एक दिवस टिकली. बाबांनी तिला हात लावू दिला नाही, अंगावर धावले म्हणे, जेवढं धावता येतं तेवढं. गडी लावला, तो दुपारीच झोपला. बाबा पलंगावरून घसरले तरी उठला नाही. ताईनंच उचललं.

मी फोनवरून सांगत होतो, गड्याला असं सांग, बाईला तसं सांग, पलंग भिंतीकडे घे, खुर्ची डावीकडे लाव.

ताई म्हणाली, "बरं."

२२ ऑक्टोबर, रविवार

जिन्याच्या कामावर परत घेतलंय शुक्रवारपासून. लंबूला म्हणालो, यापुढं तू खाली. तो म्हणाला, "एवढ्यासाठी वर्षभर थांबलास?" खाली गेला आणि सरळ उभा राहिला. वाकावं लागलंच नाही त्याला! मी वर.

वरच्या बाजूचं काम मला माहीतच नव्हतं. ओझं नसतंच म्हणा ना. हात लावलेला असतो, घामही येतो, वाटतं आपणच नेतोय. आणि तोंड चालू. डावीकडे घे. सांभाळ. जरा वर. पायरी आहे.

दुसऱ्या मजल्यावर माझं तोंड आपोआप बंद झालं.

खालून लंबू ओरडला, "अरे बोल की! झोपलास का?"

पाठ काही दुखली नाही. तीन फेऱ्या केल्या, तरी नाही. कट्टनं बरी झाली की बाजू बदलल्यानं, हे आता मी कुणाला विचारणार नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

कटकट्याकडे शेवटचा गेलो. कार्ड परत दिलं, उरलेले चौकोन दुसऱ्या कुणाला द्या म्हणालो. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. ताईचं सांगितलं. पाऊल आपटतं म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "माझ्याकडे आली असती तर मी परत पाठवली असती." पाठवली असती का? असती बहुतेक. बाजारातल्या त्या हाडवैद्याचं मला सांगता येत नाही.

निघताना विचारलं, "माणूस कसा उचलतात? अर्धं अंग गेलेला. जड. कपाट मला येतं, माणूस येत नाही. घरी फोनवर समजावून सांगायचंय."

त्यानं काउंटरवरच्या बाईला आत बोलावलं, टेबलावर बसवलं. म्हणाला, "पहिलं म्हणजे उचलायचं नाहीच. जवळ जायचं. त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचे. त्याला पुढं झुकू द्यायचं, तुमच्या खांद्यावर. मग दोघांनी मिळून वळायचं, नाचल्यासारखं. आणि आधी सांगायचं त्याला, आता उठतोय म्हणून. न सांगता उचललं की माणूस अंग चोरतो."

मग मला करायला लावलं. बाईनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "अहो, श्वास सोडा."

चार वेळा केलं. चौथ्या वेळी ती अलगद खुर्चीत आली.

"बसलं," कटकट्या म्हणाला. या वेळी खरंच बसलं होतं.

"फोनवर एवढं सगळं सांगता येईल तुम्हाला?" त्यानं विचारलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

मुकादम म्हणाला, परत आलास तर जागा असेलच असं नाही. मी म्हणालो, बरं. लंबूनं बॅग भरून दिली, मोजे सगळ्यात वर ठेवले. ताईला कळवलेलं नाही, कळलं तर नको म्हणेल. तिकीट खिशात आहे.

महिन्याची शेवटची तारीख. घरी पाठवले: शून्य.